सोनकी विरुद्ध कारळा

आंबेघर तालुक्यात भाद्रपदाच्या दुसऱ्या सोमवारी सोनकीने कारळ्याविरुद्ध तोतयेगिरीची तक्रार दाखल केली. तक्रार तीन प्रतींत होती, डावीकडे समास सोडलेला होता आणि शेवटी 'आपली विश्वासू' असं लिहिलेलं होतं. त्यामुळे तहसील कचेरीतल्या बोत्रे कारकुनांना ती परत करायला कारण सापडलं नाही. त्यांनी बराच वेळ शोधलं, मग शिक्का मारला.

सोनकी स्वतः आली होती. म्हाळुंग्याच्या डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून चाळीस-पन्नास रोपं सकाळच्या वडाप जीपने खाली उतरली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट ठेवून कचेरीच्या जिन्यावर एका कडेला उभी राहिली. उंचावर राहणाऱ्यांच्या अंगात असतो तसा ताठा त्यांच्या अंगात होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही सड्यावरच्या मूळच्या. आमचं फूल पिवळं, कारळ्याचंही पिवळं. गेली तीन वर्षं लोक डोंगराखालच्या कारळ्याच्या शेतात शिरतात, त्याच्याशी गाल लावून फोटो काढतात आणि खाली 'सोनकीसोबत' असं लिहितात. कारळा एकदाही 'मी सोनकी नव्हे' असं म्हणत नाही. याला तोतयेगिरी म्हणतात.

नायब तहसीलदार हणमंत रणपिसे यांनी तक्रार वाचली आणि 'वनस्पती जात पडताळणी समिती' नेमली. अध्यक्ष ते स्वतः. टिपणं घ्यायला बोत्रे. तज्ज्ञ म्हणून तालुक्याच्या कॉलेजातून एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मागवले. कॉलेजात असे कायम प्राध्यापक दोन होते आणि दोघांनाही त्या आठवड्यात कंबरदुखी झाली. म्हणून उर्मिला वाघचौरे आल्या.

उर्मिलाबाई अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. म्हणजे जूनमध्ये त्यांची नेमणूक व्हायची आणि एप्रिलमध्ये संपायची, आणि मधल्या काळात त्या प्राध्यापक आहेत की नाहीत याबद्दल कुणी काही बोलत नसे. या अकरा वर्षांत त्यांच्याजवळ पुष्कळ तिरस्कार साठला होता. पण तो त्यांच्या आवाजात येत नसे, व्याकरणात येत असे. समोरचा जितका मूर्ख, तितकी त्यांची वाक्यं शुद्ध होत जात. रणपिशांशी बोलताना त्या पहिल्या पाच मिनिटांतच छापील पुस्तकासारखं बोलू लागल्या.

पहिली सुनावणी बुधवारी कचेरीच्या सभागृहात झाली. उजवीकडे सोनकी उभी होती. डावीकडे कारळा उभा होता. त्याला तान्हुबाई कोकरे घेऊन आल्या होत्या. सड्याच्या पायथ्याला त्यांचं उताराचं रान होतं आणि त्यात दरवर्षी त्या कारळाच पेरत, कारण त्या खडकाळ मातीत दुसरं काही धरत नसे. साठीच्या, काटक, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली. खुर्ची दिली तरी त्या कारळ्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

रणपिशांनी चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या.

"दोन्ही पिवळी आहेत," ते म्हणाले.

बोत्रेंनी लिहिलं : दोन्ही पक्षकार पिवळे.

"मॅडम, आता तुम्ही फरक सांगा. थोडक्यात. मला साडेबाराला दुसरी मीटिंग आहे."

"थोडक्यात सांगायचे तर फूल उलटे करून पाहावे," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"उलटं?"

"होय. मागच्या बाजूने. सोनकीच्या फुलाखाली अरुंद, टोकदार हिरव्या पट्ट्यांची एकच ओळ असते, एकसारखी, कपासारखी. कारळ्याच्या फुलाखाली पाच रुंद हिरवी पाने असतात. एकदा पाहिले की जन्मात चूक होत नाही. शिवाय कारळ्याची पाने देठावर समोरासमोर येतात, सोनकीची एकाआड एक. कारळ्याच्या पाकळ्या रुंद असतात आणि टोकाला खाचा असतात. पण पाठ पाहिली तरी पुरे."

रणपिशांनी बोत्रेंकडे पाहिलं. बोत्रेंनी नियमावली चाळली आणि मान हलवली.

"अर्जासोबतचा फोटो समोरून लागतो," रणपिसे म्हणाले. "मागच्या बाजूची तरतूद नाही. माझी अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, मॅडम. मी कोणाचीही पाठ पाहून दाखला दिलेला नाही."

"मग आपण अठ्ठावीस वर्षे काय पाहून देत होता?"

"कागद," रणपिसे म्हणाले. त्यांना या प्रश्नात काही खोचक वाटलं नाही.

सोनकीच्या बाजूने सळसळ झाली. एक उंच रोप पुढे आलं आणि म्हणालं, "आमची हरकत नाही. आम्ही वळून दाखवतो."

"शांतता राखा," बोत्रे म्हणाले.

रणपिशांनी फॉर्म पुढे ओढला. अर्जदाराचं संपूर्ण नाव, असा पहिलाच रकाना होता. त्यांनी एका सोनकीच्या फुलाकडे बोट दाखवलं आणि हे एकच फूल तक्रारदार धरू का, असं विचारलं. उर्मिलाबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. हे सांगणं त्यांना भाग होतं, कारण ते खरं होतं.

"हे एक फूल नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला आपण एक फूल म्हणता, ती कित्येक फुलांची गर्दी आहे. मधला पिवळा ठिपका दिसतो ना, त्यातला प्रत्येक कण स्वतंत्र फूल आहे. कडेची प्रत्येक पाकळीसुद्धा एक फूलच आहे. सगळी मिळून एका बैठकीवर बसतात आणि लांबून एक फूल असल्यासारखी दिसतात."

"म्हणजे एकत्र कुटुंब."

"तसे म्हणता येणार नाही."

"मग कर्ता कोण? सही कोण करणार?"

"कोणीही नाही."

"कर्ता नसलेलं एकत्र कुटुंब," रणपिसे बोत्रेंना म्हणाले, "म्हणजे वाद आहे. लिहा, अंतर्गत वाद."

"वाद नाही, साहेब," सोनकीचं रोप म्हणालं. "आम्ही सगळ्याजणी मिळूनच एक आहोत."

"असं प्रत्येक कुटुंब म्हणतं," रणपिसे म्हणाले.

मग त्यांनी विचारलं की दोघांचं काही नातं आहे का. उर्मिलाबाई म्हणाल्या की आहे, दोघंही सूर्यफुलाच्या कुळातली आहेत. कूळ हा शब्द ऐकल्याबरोबर रणपिसे पहिल्यांदाच ताठ बसले, कारण हा शब्द त्यांच्या खात्याचा होता.

"कूळ आहेत? आधी सांगायचं नाही का! मग मालक सूर्यफूल झाला. बोत्रे, सूर्यफुलाला नोटीस काढा. कसतं कूळ असेल तर प्रकरण माझ्याकडे येतच नाही."

ती नोटीस खरोखरच निघाली. सूर्यफुलाचा तालुक्यात पत्ता नव्हता, म्हणून ती बाजारपेठेतल्या तेलाच्या दुकानाच्या भिंतीवर डकवली गेली आणि सूर्यफूल हजर न झाल्यामुळे एक आठवडा वाया गेला. त्या आठवड्यात सोनकी कचेरीच्या जिन्यावरच राहिली. येणारे-जाणारे तिच्याजवळ थांबून विचारत, "हा कारळा इथे कशाला आणलाय?"

त्या पहिल्या सुनावणीतून बाहेर पडताना तान्हुबाईंनी उर्मिलाबाईंना गाठलं होतं.

"मॅडम, निकाल काय लागंल ओ?"

उर्मिलाबाईंनी त्यांना नियमावलीतलं सातवं कलम समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःलाही ते नीट समजलं. कारळा ही सोनकीच आहे असं ठरलं, तर सोनकीला संरक्षण असल्यामुळे त्याला कुणी हात लावायचा नाही. तोडायचा नाही, मळायचा नाही, दाणे काढायचे नाहीत. आणि कारळा वेगळा आहे असं ठरलं, तर तो दुसऱ्याच्या नावाने वावरला म्हणून तालुक्यातून तडीपार.

तान्हुबाईंनी ते ऐकून घेतलं.

"म्हंजे दोनी बाजूनं माझंच रान मोकळं."

"होय," उर्मिलाबाई म्हणाल्या. तान्हुबाईंशी बोलताना त्यांचं व्याकरण सैल झालं. "तसंच दिसतंय."

"त्येनं कधी म्हनलं का, मी सोनकी हाय म्हनून? मुकाट उगवतो बिचारा. आमच्या घरात त्येल त्येच्याच दान्याचं, चटनी त्येचीच. पाव्हना आला तर पानात पयली चटनी वाढायची ती बी त्येचीच. फोटू काढनारी मानसं येत्यात, तुडवून जात्यात, आन गुन्हेगार ह्यो!"

कारळा काही बोलला नाही. तो शेतातला होता आणि कचेरीत बोलायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी उर्मिलाबाईंना संस्थेच्या ऑफिसात बोलावणं आलं. संस्थेचे सचिव भाऊसाहेब जगदाळे हे मोठ्या टेबलामागे बसले होते आणि त्यांच्यामागच्या भिंतीवर त्यांचाच फोटो होता, त्यामुळे समोर बसणाऱ्याला ते दोनदा दिसत. सोनकी महोत्सव तेच भरवत. सड्यावर जाणारा रस्ता खराब होता आणि सोनकी तिथे दगडांतून, झाडोऱ्यातून विखुरलेली असे. पायथ्याला मात्र कारळा सलग फुलत असे, आणि तिथेच भाऊसाहेबांचं विश्रामगृह होतं. त्यामुळे महोत्सव पायथ्याला भरे. तालुकाभर लावलेल्या फ्लेक्सवर भाऊसाहेब हात जोडून उभे होते आणि त्यांच्याभोवती पिवळ्या फुलांची महिरप होती. उर्मिलाबाईंनी त्या महिरपीतल्या पाकळ्यांच्या खाचा पहिल्याच वर्षी पाहिल्या होत्या. तो कारळा होता.

"या, वाघचौरे मॅडम, बसा. किती वर्षं झाली तुम्हाला आपल्याकडे?"

"अकरा."

"अरे अरे. मला कुणी सांगितलंच नाही." भाऊसाहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. अशा वेळी त्यांना नेहमीच खरं वाईट वाटत असे. त्यांना तेवढं सहज जमत असे. "एक कायमची जागा निघतेय. तुमच्या विषयाचीच. आता तुम्ही समितीवर आहात. अहवाल द्यायचाय. दोन ओळींचं काम आहे. ही पिवळी फुलं सगळी सोनकीच, बास. लोक एवढ्या लांबून येतात, आनंद घेतात. त्यांना तुम्ही सांगणार की हे चटणीचं झाड आहे?"

"ते चटणीचेच झाड आहे, भाऊसाहेब."

"मागून बघितल्यावर. मागून कोण बघतंय?"

उर्मिलाबाईंनी विचार करायला वेळ मागितला. त्यांनी खरंच विचार केला, आणि हे इथे सांगून टाकलं पाहिजे. घरी आल्यावर त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिल्यासारखं ते वाक्य मनात लिहून पाहिलं : प्रा. सौ. उर्मिला वाघचौरे, कायम. ते वाक्य दिसायला चांगलं होतं. मग त्यांनी दुसरं वाक्य लिहून पाहिलं : कारळा म्हणजे सोनकी होय. हे दुसरं वाक्य उद्या वर्गात फळ्यावर लिहिताना आपला हात कसा चालेल, ते त्यांना समजेना. अकरा वर्षं त्या विद्यार्थ्यांना एकच गोष्ट शिकवत आल्या होत्या, की नाव द्यायच्या आधी नीट बघा. कायम झाल्यावर बाकीची वीस वर्षं त्या काय शिकवणार होत्या?

त्या म्हाळुंग्याला गेल्या. तान्हुबाईंच्या रानाच्या कडेला बसून त्यांनी ती अख्खी नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तालुक्यात ती कुणी आजवर वाचली नव्हती, कारण तिचं काम दाखवण्यापुरतं होतं. सातव्या कलमाच्या खाली एक पोटकलम होतं. ते त्यांनी तीनदा वाचलं. मग त्यांनी तान्हुबाईंकडे भाकरी आणि कारळ्याची चटणी मागितली आणि पोटभर जेवल्या.

दुसरी सुनावणी त्याच सभागृहात झाली. या वेळी भाऊसाहेबही आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण तालुक्यात काहीही होत असलं की आपल्याला बोलावलेलंच आहे असं ते धरून चालत. रणपिशांनी उठून त्यांना स्वतःशेजारी खुर्ची दिली. सोनकी उजवीकडे उभी होती. कारळा डावीकडे. तान्हुबाई जमिनीवर.

"मॅडम, अहवाल," रणपिसे म्हणाले.

"अहवाल असा आहे," उर्मिलाबाई उभ्या राहिल्या. "सोनकी ही सोनकी आहे आणि कारळा हा कारळा आहे."

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. सोनकीच्या बाजूने समाधानाची सळसळ झाली. तान्हुबाईंनी डोळ्याला पदर लावला. रणपिशांनी पेन उचललं.

"म्हणजे तोतयेगिरी सिद्ध. कारळा तडीपार. लिहा, बोत्रे."

"थांबा," उर्मिलाबाई म्हणाल्या. "कलम सात, पोटकलम दोन वाचावे. जो कोणी एका जातीचा असून दुसऱ्या जातीच्या नावाने वावरेल, त्यास तडीपारी. अथवा जो कोणी दुसऱ्यास तसे वावरावयास लावील, त्यास पोटकलम तीनप्रमाणे शिक्षा, आणि ज्यास वावरावयास लावले तो निर्दोष समजावा. कारळा स्वतःहून सोनकी म्हणून वावरला की त्याला कोणी वावरावयास लावले, हे आधी ठरवावे लागेल."

रणपिशांनी बोत्रेंकडे पाहिलं. बोत्रेंनी नियमावली उघडली. ते पोटकलम तिथे होतं.

"कारळ्याला सोनकी कोणी म्हटलं, हे मी कसं शोधणार?" रणपिसे वैतागून म्हणाले. "सगळा तालुका म्हणतो."

"सर्वांत आधी कोणी म्हटले, एवढेच शोधावे. तीन वर्षांपूर्वी तालुक्यात कोणीही सोनकीचे नावसुद्धा घेत नव्हते. या तालुक्याला सोनकीची ओळख कोणी करून दिली, याची नोंद व्हायला हवी. ज्या व्यक्तीने हे कार्य केले, तिचे नाव कागदावर यायला हवे, असे माझे नम्र मत आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांनी भाऊसाहेबांकडे वळून म्हटलं. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

भाऊसाहेबांना आपलं नाव कागदावर यायला हवं, हे वाक्य आयुष्यात नाकारता आलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले. उठल्यावर त्यांचा आवाज आपोआप सभेचा झाला.

"मीच," ते म्हणाले. "नम्रपणे सांगतो, मीच. या मागासलेल्या तालुक्याला सोनकी मी दिली. पायथ्याला नुसता कारळा होता हो! गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती. मी म्हटलं, याला आपण सोनकी म्हणू. मीच म्हटलं. फ्लेक्स माझे, कमानी माझ्या, फोटो काढायला लाकडी चौकट उभी केली ती माझी. आज लोक याला सोनकी म्हणून ओळखतात ते फक्त आणि फक्त माझ्यामुळे. लिहा, बोत्रे. पूर्ण नाव लिहा."

बोत्रेंनी पूर्ण नाव लिहिलं. लिहिण्यात ते पटाईत होते. सांगितलेलं उतरवायला त्यांना एवढी सवय होती, की उतरवलेल्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत नेहमी उशिरा पोचत असे. तो पोचला तेव्हा त्यांचं पेन थांबलं. पण शाई वाळली होती आणि खाली भाऊसाहेबांनी जोरकस सही ठोकली होती.

रणपिसे त्या कागदाकडे बघत राहिले. आयुष्यात ते दोनच गोष्टींना भीत आले होते, भाऊसाहेबांसारख्या माणसांना आणि कागदाला. माणसं निवडणुकीत पडतात, आजारी पडतात, तालुका सोडून जातात. कागद फाइलीत राहतो आणि बदली झाल्यावरही मागे येतो. हा हिशेब करायला त्यांना साधारण एक मिनिट लागलं. त्या मिनिटात ते दोनदा पाणी प्यायले.

"पोटकलम तीन काय म्हणतं?" त्यांनी विचारलं.

बोत्रेंनी वाचलं, "दोषी व्यक्तीने ज्याची ओळख पुसली, त्याच्या ओळीत, त्याच्याच जागेवर, एक हंगाम उभे राहावे."

"उभं राहावं?" भाऊसाहेब म्हणाले.

"उभं राहावं, साहेब."

भाऊसाहेबांना वाटलं की हा सत्काराचाच एखादा नवा प्रकार असावा. आदेशात आपलं नाव आहे आणि उभं राहायचं आहे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी वेळ आणि जागा विचारून घेतली.

मग रणपिशांनी निकाल सांगितला. कारळा निर्दोष. सोनकीची तक्रार मान्य. सोनकी सड्यावर परत जाऊ शकते. सोनकीने विचारलं की आम्हाला आमच्या नावाचा दाखला मिळेल का. रणपिसे म्हणाले की अंतर्गत वाद मिटल्यावर मिळेल. सोनकी वडापच्या थांब्याकडे निघाली. जाता जाता ते उंच रोप कारळ्यापाशी थांबलं.

"आमचं तुमच्यावर काही नव्हतं," ते म्हणालं.

"जी," कारळा म्हणाला. अख्ख्या प्रकरणात तो एवढंच बोलला.

उर्मिलाबाईंना याची जी किंमत पडायची ती पडली. पुढच्या सोमवारी कॉलेजच्या वेळापत्रकात त्यांच्या तासांच्या जागी दुसरंच नाव होतं. कायमच्या जागेवर भाऊसाहेबांचा एक पुतण्या आला, ज्याचा विषय भूगोल होता. त्यांनी वेळापत्रक वाचलं, फळ्याजवळची आपली खडूंची डबी आणि भिंग पिशवीत टाकलं आणि बाहेर आल्या. जिन्यात बोत्रे भेटले. शिक्षेवर देखरेख ठेवायला एक तज्ज्ञ लागतो, असा नियम निघाला होता. त्याची ऑर्डर ते घेऊन आले होते.

"कुणी तयार नाही, मॅडम," ते म्हणाले. "दोघांची कंबर पुन्हा दुखायला लागलीये."

त्यामुळे आश्विनापासून उर्मिलाबाई रोज सकाळी तान्हुबाईंच्या रानाच्या बांधावर रजिस्टर घेऊन बसू लागल्या. भाऊसाहेब पहिल्या दिवशी फेटा बांधून आले. पिवळा फेटा. बरोबर वाजंत्री आणली होती, ती बांधापर्यंत आली आणि तिथून परत गेली. तान्हुबाईंनी तिसऱ्या ओळीत दोन रोपांच्या मधली जागा दाखवली. भाऊसाहेब तिथे उभे राहिले. कारळा त्यांच्या छातीपर्यंत होता, त्यामुळे लांबून फक्त खांदे आणि फेटा दिसे.

पहिले काही दिवस ते भाषण करत होते. कारळा ऐकत असे. मग ते कमी झालं. उभं राहायचं म्हणजे फक्त उभंच राहायचं असतं, हे त्यांना हळूहळू कळलं असावं. ऊन तापलं की ते तोंड पूर्वेकडे करून गप्प राहू लागले.

महोत्सव ठरल्याप्रमाणे भरला. फ्लेक्स आधीच छापलेले होते. लोक आले, बांध ओलांडून रानात शिरले आणि फोटो काढू लागले. उर्मिलाबाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला थांबवून सांगितलं. "हा कारळा आहे. सोनकी वर सड्यावर. फूल उलटं करून बघा." लोक "हो का" म्हणत आणि फोटो काढत. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने भाऊसाहेबांच्या दोन्ही बाजूंना उभं राहून फोटो काढला. त्यातल्या बाईंनी फेट्याचा शेमला हातात घेऊन गालाला लावला.

"ही जरा मोठी जात दिसते," त्यांचे यजमान म्हणाले.

"सोनकीच आहे," बाई म्हणाल्या. "पिवळीये ना."

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. उर्मिलाबाई बांधावरून बघत होत्या. आपण सोनकी नव्हे, असं ते म्हणतील असं त्यांना वाटलं. पण फोटो काढणाऱ्याने "जरा हसा" म्हटलं आणि भाऊसाहेब सवयीने हसले. उर्मिलाबाईंनी रजिस्टरात वेळ लिहिली आणि समोर लिहिलं : हरकत घेतली नाही.

कार्तिक संपता संपता फुलं गळली. पाकळ्या पडल्या, बोंडं तपकिरी झाली, पानं खाली लोंबली. पर्यटक यायचे थांबले. वर सड्यावर सोनकीच्या बियांचे पांढरे केस वाऱ्यावर सुटून दरीत उडत होते, ते खालून दिसत. शिक्षेचा हंगाम काढणीपर्यंत धरायचा, असं कचेरीने कळवलं होतं, म्हणून काढणीच्या दिवशी उर्मिलाबाई जरा लवकरच आल्या. भाऊसाहेब आपल्या जागेवर उभे होते. फेटा उन्हाने फिकट झाला होता. दाढी वाढली होती. त्यांच्या पायांशी मातीला भेग पडली होती आणि ते ती भेग सोडून हलत नव्हते.

तान्हुबाई विळा घेऊन पहिल्या ओळीत शिरल्या. त्यांची पद्धत साधी होती. बोंड दोन बोटांत धरायचं, अंगठ्याने दाबायचं, आत काळा दाणा चमकला की रोप कापायचं आणि पेंढीत ठेवायचं. हिरवट वाटलं की सोडून पुढे जायचं. दोन ओळी झाल्या. तिसरी सुरू झाली. विळ्याचा आवाज एकसारखा येत होता.

त्या भाऊसाहेबांपर्यंत आल्या. थांबल्या. हात वर करून त्यांनी फेट्याखाली बोटं घातली आणि टाळू अंगठ्याने दाबून पाहिली. मग आणखी जरा बाजूला दाबून पाहिली. भाऊसाहेबांनी श्वास रोखून धरला होता.

"भरला का, तान्हुबाई?" उर्मिलाबाईंनी बांधावरून विचारलं.

तान्हुबाईंनी मान हलवली.

"न्हाई ओ. पोकळच लागतंय. ऱ्हाऊ द्या आजून म्हैनाभर." आणि त्या वाकून पुढचं रोप कापू लागल्या.